नवे लेबर कोड: छोट्या मालकाने पगारपत्रक उघडून नेमकं काय काय बदलायचं

डिसेंबरात एका वर्कशॉपच्या ऑफिसात बसलो होतो, २६ माणसं कामाला, बाहेर ग्राइंडरचा आवाज. साहेबांनी मोबाइल पुढे केला आणि म्हणाले, "सर, हे बघा, बेसिक पन्नास टक्के केलं की झालं ना?" कुणीतरी फॉरवर्ड केलेला मेसेज होता. गेल्या काही महिन्यांत मला हा प्रश्न इतक्या मालकांनी विचारलाय की शेवटी म्हटलं बसून एकदा सगळं नीट लिहूनच काढू, कारण उत्तर "नाही" असं आहे आणि ते नाही का, हे कळलं नाही तर पुढचा सगळा हिशोब चुकतो.

मी लहान कारखाने आणि दुकानं यांचं पगार, पीएफ, ईएसआय (कामगार विमा) बघतो. मोठ्या कंपन्यांकडे वकिलांची फौज असते. पंधरा, वीस, चाळीस माणसांचा मालक मात्र सीए आणि कन्सल्टंट यांच्या मध्ये लटकलेला असतो, तर हे त्याच्यासाठी.

आधी झालंय काय ते थोडक्यात. २१ नोव्हेंबर २०२५ ला केंद्राने चारही लेबर कोड एकदम लागू केले. वेतन संहिता २०१९ ची, आणि औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा, व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या तीन २०२० च्या. जुने २९ केंद्रीय कायदे यांच्यात गेले. पेमेंट ऑफ वेजेस, मिनिमम वेजेस, बोनस, ग्रॅच्युइटी, फॅक्टरी अॅक्ट, आयडी अॅक्ट (औद्योगिक विवाद कायदा), कंत्राटी कामगार कायदा, ही रोजच्या तोंडातली सगळी नावं त्यात आली. आपला महाराष्ट्राचा शॉप अॅक्ट राज्याचा कायदा आहे, तो या २९ मध्ये नाही, तो आहे तिथेच आहे. आणि बहुतेक खासगी कारखान्यांसाठी या कोडखालचे नियम राज्य सरकार करतं, केंद्र नाही, त्यामुळे दिल्लीचे नियम वाचून लगेच फॉर्म छापायला टाकू नका, महाराष्ट्राचं राजपत्र बघा, गोव्यात युनिट असेल तर गोव्याचं. पण खाली जे सांगतोय ते बहुतेक सगळं थेट कायद्याच्या कलमांतलंच आहे.

पहिली पायरी: माणसं मोजा

हे सोपं वाटतं पण इथेच घोळ असतो. एका कागदावर चार रकाने पाडा. पर्मनंट, ठराविक मुदतीचे म्हणजे फिक्स्ड टर्म, ठेकेदाराचे, आणि "असेच" येणारे. तो चौथा रकाना प्रत्येक ठिकाणी असतो, मला माहितीये. व्हाउचरवर पैसे घेणारा पोऱ्या, रविवारी येणारा फिटर, मालकाच्या घरून येणारा ड्रायव्हर. ते सगळे लिहा. कारण कोणता नियम तुम्हाला लागतो हे आकड्यावर ठरतं: १० ला ईएसआय आणि व्यावसायिक सुरक्षा संहिता, २० ला पीएफ आणि तक्रार निवारण समिती, आणि कायद्याने "फॅक्टरी" ठरायला वीज वापरत असाल तर आता २० (आधी १० होती), बिनविजेची असेल तर ४०. काम धोकादायक असेल तर ईएसआय एका माणसालाही लागू करता येतो.

दुसरी पायरी: "वेजेस" काढा, यातच सगळं आहे

आता त्या पन्नास टक्क्यांकडे येऊ. कायद्यात कुठेही "बेसिक निम्मं ठेवा" असं लिहिलेलं नाही. कायदा उलट बाजूने चालतो. तो म्हणतो की माणसाला जे काही मिळतं ते सगळं वेजेस, फक्त एक यादी आहे तेवढी वगळा. यादीत काय आहे? घरभाडे भत्ता, कन्व्हेयन्स, बोनस, ओव्हरटाइम, कमिशन, मालकाने भरलेला पीएफ, कामाच्या स्वरूपामुळे होणारा विशेष खर्च भागवायला दिलेली रक्कम, ग्रॅच्युइटी वगैरे. आणि वगळलेल्यांची बेरीज एकूण मोबदल्याच्या निम्म्यापेक्षा जास्त झाली तर जास्तीचा भाग परत वेजेसमध्ये येतो. फक्त ग्रॅच्युइटी आणि कामगार कपातीची भरपाई या बेरजेत धरायची नाही.

आता नीट बघा, यादीत "स्पेशल अलाउन्स" नाही! आणि आपल्याकडच्या निम्म्या पगारपत्रकांत बेसिक लहान आणि स्पेशल अलाउन्स मोठा असतो, तो मुद्दाम पीएफ कमी बसावा म्हणूनच केलेला असतो.

त्या वर्कशॉपमधल्या एका वेल्डरची स्लिप घेऊ. पगार २४,००० रुपये. बेसिक आणि डीए (महागाई भत्ता) मिळून ९,०००, एचआरए म्हणजे घरभाडे भत्ता ४,५००, कन्व्हेयन्स ३,५००, स्पेशल ७,०००. मालकाचा पीएफ ९,००० वर बारा टक्के म्हणजे १,०८०. एकूण मोबदला २५,०८०. वगळायचं काय, तर एचआरए, कन्व्हेयन्स आणि मालकाचा पीएफ, मिळून ९,०८०. निम्मं होतं १२,५४०, आपण त्याच्या आत आहोत म्हणजे परत काही मिळवायचं नाही. मग वेजेस किती? ९,००० अधिक स्पेशलचे ७,००० म्हणजे १६,०००. मेसेजवाल्या हिशोबाने साहेब १२,००० करून मोकळे झाले असते आणि वेजेसमधली चार हजारांची चूक दर महिन्याला साठत गेली असती, अशा प्रत्येक माणसामागे.

दुसरी स्लिप सुपरवायझरची, तोही २४,००० च. बेसिक १०,०००, एचआरए ८,०००, कन्व्हेयन्स ६,०००, मालकाचा पीएफ १,२००. एकूण २५,२००, निम्मं १२,६००. वगळलेलं १५,२००, म्हणजे २,६०० जास्त. ते परत मिळवले की वेजेस १२,६००. पगार सारखाच पण स्लिपची रचना वेगळी म्हणून उत्तर वेगळं, त्यामुळे सगळ्यांना एकच टक्का लावून चालणार नाही, एक्सेलमध्ये एकेका माणसाची ओळ करावी लागेल. २६ माणसांना मला एक दुपार लागली.

स्पेशल अलाउन्सचं हे काही अगदी नवीन नाही खरं तर. सुप्रीम कोर्टाने २८ फेब्रुवारी २०१९ ला विवेकानंद विद्यामंदिर प्रकरणात पीएफबद्दल हेच सांगितलं होतं, की सगळ्यांना सरसकट मिळणारा भत्ता बेसिकचाच भाग धरायचा. ज्यांनी तेव्हा स्लिप दुरुस्त केल्या त्यांना आता फार त्रास नाही.

तिसरी पायरी: हा एक आकडा कुठे कुठे जातो ते बघा

पीएफ. वेल्डरचा पीएफ ९,००० वर कापला जात होता, १,०८० रुपये. आता वेजेस १६,००० आणि पीएफची मर्यादा १५,००० म्हणून कपात १,८००. त्याच्या हातात ७२० कमी येतात आणि तुमचेही ७२० वाढतात. जे आधीपासून १५,००० वरच पीएफ कापतायत त्यांच्या हातच्या पगारात यामुळे फरक पडत नाही, हे केंद्रीय श्रम मंत्रालयाने डिसेंबर २०२५ मध्ये स्पष्टही केलंय.

ईएसआय. इथे बऱ्याच जणांचं लक्षच नाही. मर्यादा २१,००० ची. वेल्डरचा एकूण पगार २४,००० म्हणून तो आतापर्यंत बाहेर होता, पण नव्या व्याख्येने वेजेस १६,०००. तर ज्यांचा एकूण पगार २१,००० च्या वर आणि वेजेस खाली अशा सगळ्यांची वेगळी यादी काढा आणि ती घेऊन तुमच्या ईएसआयच्या माणसाशी बसा. १६,००० वर कामगाराचे पाऊण टक्का म्हणजे १२० आणि मालकाचे सव्वातीन टक्के म्हणजे ५२०. रक्कम मोठी नाही, पण नोंदणी राहिली आणि उद्या मशिनवर बोट गेलं तर तो खर्च कुणाच्या अंगावर येईल याचा विचार करा.

ग्रॅच्युइटी. सगळ्यात मोठा फरक इथे आहे आणि तो आज दिसत नाही म्हणून कुणी बघत नाही. सूत्र तेच, शेवटचे वेजेस गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. वेल्डरची आठ वर्षं झालीत. ९,००० वर त्याचे ४१,५३८ होत होते, १६,००० वर ७३,८४६ होतात. फरक ३२,३०८, एका माणसाचा. शेवटच्या पगारावर हिशोब होतो म्हणून मागच्या वर्षांनाही नवाच आकडा लागतो. टीसीएसने डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत याच बदलापोटी २,१२८ कोटींची एकदम तरतूद केली आणि इन्फोसिसने १,२८९ कोटींची, ती उगाच नाही. तुम्ही कोटींत नसाल पण मार्चच्या बॅलन्स शीटमध्ये तुमची तरतूद किती बसते हे सीएला आजच विचारा.

आणि फिक्स्ड टर्मवाल्यांना आता पाच वर्षं थांबायचं नाही, एक वर्ष भरलं की त्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. म्हणजे १६,००० वेजेसचा माणूस वर्षाच्या करारावर घेतला आणि करार संपला तर त्याचे ९,२३१ रुपये द्यायचे. "अकरा महिन्यांचं अॅग्रीमेंट" करून दर वर्षी तोच माणूस परत घेण्याची जी सवय आपल्याकडे आहे ती सोडा असं मी माझ्या सगळ्या क्लायंटना सांगतोय. फिक्स्ड टर्मवाल्याला पर्मनंटच्या बरोबरीचा पगार, रजा, कामाचे तास, सगळं द्यायचंच आहे, मग तो लपवाछपवीचा खटाटोप कशाला.

चौथी पायरी: अपॉइंटमेंट लेटर

प्रत्येकाला. हेल्परला पण. जुन्या माणसांना ज्यांना कधीच दिलं नव्हतं त्यांना तीन महिन्यांत द्यायचं होतं, म्हणजे फेब्रुवारी २०२६ च्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत. राहिलं असेल तर या आठवड्यात द्या, मागची तारीख मात्र टाकू नका, आजचीच टाका आणि मजकुरात रुजू झाल्याची खरी तारीख लिहा. नाव, वडिलांचं नाव, पद, कुशल की अकुशल, रुजू तारीख, पगाराचं एकेक शीर्षक रकमेसकट, वेजेस किती धरलेत, कामाचे तास, साप्ताहिक सुट्टी, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर) आणि ईएसआय नंबर, नोटीस किती दिवसांची. एक पान पुरतं. मराठीत द्या, परप्रांतीय असतील तर हिंदीत. दोन प्रती, एकीवर त्याची सही घेऊन फाइलला.

रुजू तारखेवरून मालक कचरतात, "दहा वर्षं लिहिली तर ग्रॅच्युइटी मागेल" म्हणून. तो तसाही मागेलच आणि वेतनाचा दावा झाला तर पैसे दिले हे सिद्ध करायचं ओझं कायद्याने मालकावर टाकलंय. वेतन संहितेचं कलम ५९ एकदा वाचा. कागद नसणं तुमच्याच विरोधात जातं. दावा तीन वर्षांपर्यंत करता येतो.

पाचवी पायरी: सोडून जाणाऱ्याचा हिशोब दोन दिवसांत

हे माझ्या मनाच्या फार जवळचं आहे. मी स्वतः करिअरच्या सुरुवातीला एका कंपनीत अकाउंट्सला होतो, राजीनामा दिला, फुल अँड फायनलसाठी मला साडेचार महिने खेटे घालावे लागले. "साहेब बाहेरगावी आहेत", "नो ड्यूज यायचंय", "पुढच्या सायकलला". घरात तेव्हा आईचं आजारपण चालू होतं. ते पैसे माझेच होते, काम करून मिळवलेले.

आता वेतन संहितेचं कलम १७ सरळ सांगतं, माणूस राजीनामा देऊन जावो, काढलेला असो, कामगार कपातीत जावो किंवा युनिट बंद पडो, त्याचं वेतन दोन कामाच्या दिवसांत द्यायचं. शिल्लक रजेचे पैसेही त्याच दोन दिवसांत. ग्रॅच्युइटीला वेगळे ३० दिवस आहेत.

दोन दिवसांत जमवायचं तर काम शेवटच्या दिवशी सुरू करून चालणार नाही. राजीनामा हातात आला की त्याच दिवशी शेवटची तारीख ठरवून लेखी द्या. नोटीस पिरियडमध्येच टूल्स, गेटपास, लॅपटॉप, अॅडव्हान्स यांची यादी करून सही घ्या. अॅडव्हान्स कापायचा असेल तर एकूण कपात वेतनाच्या ५० टक्क्यांपलीकडे जाऊ शकत नाही, म्हणून मोठा अॅडव्हान्स शेवटच्या पगारातून वळता करू असं गृहीत धरू नका, नोटीसच्या काळातच हप्ते पाडा. शेवटच्या दिवशी संध्याकाळी मस्टर बंद, ओटी (ओव्हरटाइम) आणि रजा मोजा, दुसऱ्या दिवशी पैसे बँकेत. महिन्याच्या मधे एका माणसासाठी पेरोल चालवावा लागेल. सॉफ्टवेअरवाले "आमच्या सिस्टिममध्ये नाही" म्हणतात, तर हाताने करा, एका माणसाचा हिशोब वीस मिनिटांचा आहे.

जे कामावर आहेत त्यांचा महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत. पूर्वी ही अट ठराविक पगारापर्यंतच होती, आता मॅनेजरलाही लागू. कमी पैसे दिले तर दंड ५०,००० पर्यंत, पाच वर्षांत परत तेच केलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. इन्स्पेक्टरने आधी दुरुस्तीची संधी द्यायची आहे ती बाकीच्या चुकांना, कमी पैसे दिल्याला नाही.

सहावी: तास, ओटी, रजा

ओटी दुप्पट दराने आणि कामगाराच्या संमतीने. संमतीचं एक रजिस्टर करा, रोज नको, महिन्याला एकदा सही चालू शकते असं बरेच जण म्हणतात पण मी आठवड्याची घेतो, भांडण झालं तर ती जास्त टिकते.

भरपगारी रजेसाठी आता वर्षात २४० नाही, १८० दिवस काम पुरे. वीस दिवसांमागे एक रजा. ३० पर्यंत पुढे नेता येतात. दिवाळीनंतर रुजू झालेला मुलगा पुढच्या वर्षी साधारण सात महिन्यांत पात्र होतो, हे हजेरीच्या सॉफ्टवेअरमध्ये बदलून घ्या, बहुतेकांत अजून जुनंच सेटिंग आहे.

दुकान किंवा ऑफिस असेल तर महाराष्ट्रात आणखी एक बदल आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शॉप अॅक्टच्या दुरुस्तीला मान्यता दिली आणि नंतर वटहुकूम निघाला: कायदा पूर्ण लागू व्हायला आता १० ऐवजी २० माणसं, दिवसाचे तास ९ वरून १०, आणि तिमाहीचा ओटी १२५ वरून १४४ तास. मालकांनी यातून "दहा तास ड्यूटी" एवढंच उचललं. तसं नाही, आठवड्याचे ४८ तास तसेच आहेत, त्यावर गेलं की ओटी. दहा तास रोज, सहा दिवस, म्हणजे ६० तास, त्यातले १२ दुप्पट दराचे.

सातवी: ठेकेदार

ठेकेदारीच्या तरतुदी आता २० ऐवजी ५० माणसांपासून, आणि कारखान्याच्या मुख्य कामात ठेकेदाराची माणसं लावायला मनाई आहे, काही अपवाद सोडून. पण आकड्यात अडकू नका. ठेकेदाराने पगार दिला नाही तर तो मूळ मालकाला द्यावा लागतो, म्हणून बिल पास करण्याआधी त्याच्याकडून मागच्या महिन्याचं बँक स्टेटमेंट आणि पीएफचं चलान घ्या, चलानासोबतची माणसांची यादी पण घ्या, नुसतं चलान नको. एकदा मी यादी तपासली तर गेटवर १४ माणसं आणि यादीत नऊ नावं.

२० कामगार असतील तर तक्रार निवारण समिती, जास्तीत जास्त दहा जण, दोन्ही बाजूंचे सारखे. कामगार कपात, ले-ऑफ (काम नाही म्हणून तात्पुरतं बसवणं), कारखाना बंद करणं यासाठी सरकारची परवानगी आता ३०० कामगारांपासून लागते, आधी १०० पासून होती. त्याखालच्यांना परवानगी नसली तरी नोटीस आणि भरपाई आहेच, शिवाय कपात केलेल्या प्रत्येकामागे १५ दिवसांचं वेतन रीस्किलिंग फंडात, म्हणजे त्यांना नवं काम शिकवण्याच्या निधीत.

आठवी: अंतर्गत समिती

पॉश कायदा, म्हणजे कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धचा, २०१३ चा, तो कोडमध्ये गेलेला नाही, पण अलीकडे सर्वात जास्त हललाय तोच. सुरुवात गोव्यातून आलेल्या एका प्रकरणाने झाली, ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य, मे २०२३. त्यात सुप्रीम कोर्टाने समित्या कागदावरच आहेत हे पाहून देशभर आदेश दिले आणि डिसेंबर २०२४ मध्ये आणखी कडक केले. जुलै २०२५ पासून कंपन्यांना संचालकांच्या अहवालात किती तक्रारी आल्या, किती निकाली, किती ९० दिवसांवर पडून हे लिहावं लागतं, मातृत्व लाभ कायदा पाळल्याचं विधानही द्यावं लागतं.

दहा माणसं असतील तर समिती हवीच, सगळे पुरुष असले तरी, कारण तक्रार बाहेरून आलेली बाईही करू शकते. अध्यक्ष वरिष्ठ महिला, निम्म्या महिला, एक बाहेरची सदस्य. बाहेरच्या सदस्याचं नाव नुसतं बोर्डवर लावू नका, वर्षातून एकदा तरी तिला बोलवा, बायकांशी वेगळं बसू द्या. मी हे एका पॅकिंग युनिटमध्ये बघितलंय, पहिल्या तासभर कुणी बोललं नाही, मग एकीने संडासच्या कडीबद्दल सांगितलं. तिथून पुढे खरं बोलणं सुरू झालं.

शेवटची: पहिली नवी स्लिप वाटायच्या आधी माणसांशी बोला

हे बहुतेक मालक विसरतात आणि मग सात तारखेला गेटवर गर्दी होते. ज्यांच्या हातात कमी पैसे येणार त्यांची यादी तुमच्याकडे आहेच. पगाराच्या चार-पाच दिवस आधी चहाच्या वेळी सगळ्यांना बोलवा, जुनी आणि नवी स्लिप शेजारी शेजारी छापून प्रत्येकाच्या हातात द्या. त्या वेल्डरने विचारलंच, "सर, माझे सातशे वीस कुठं गेले?" त्याच्या फोनवर उमंग हे सरकारी अॅप उघडून पीएफचं पासबुक दाखवलं, तुझे ७२० आणि कंपनीचे ७२० दोन्ही इथे येणार, आणि ग्रॅच्युइटीचे ३२,००० वाढलेत ते वेगळे. तो गप्प बसला थोडा वेळ, मग म्हणाला, "पण या महिन्यात पोराची फी आहे." बरोबरच होतं त्याचं. साहेबांनी विचार करून तीन महिने प्रत्येकाला तेवढी रक्कम वेगळी द्यायची ठरवली, वार्षिक वाढ यायची होती तोपर्यंत. २६ पैकी ११ जणांना ती द्यावी लागली, महिन्याला आठ हजारांच्या आतच गेलं सगळं मिळून.